निळा ठिपका

७ फेब्रुवारी

दादा,

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, मग बाकीचं.

साडेसातला प्रयोगशाळेचं दार उघडलं. टेबल पुसलं, सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढलं आणि रोजच्यासारखे हात जोडले. तिथे देवाची तसबीर नाही. मोठ्या डॉक्टरांनी लावलेला पेशीचा तक्ता आहे, डावीकडे वनस्पतीची पेशी, उजवीकडे प्राण्याची. मी त्याच्यासमोरच हात जोडतो. ज्यानं डोळ्याला न दिसणारं एवढंसं घर बांधलं आणि त्यातही केंद्रक कुठे, रिक्तिका कुठे, ऊर्जेची चूल कुठे अशी व्यवस्था लावली, त्याला तिथूनच नमस्कार पोचत असावा.

नऊला तुझ्याकडच्या दवाखान्याची पेटी आली. तिच्यात तुझी बाटली. चिठ्ठीवर तुझं नाव, आणि खाली 'छातीच्या फोटोत उजवीकडे वर डाग' असं लिहिलेलं. नाव पुन्हा एकदा वाचलं. मग थुंकीतला दाट भाग काडीनं उचलून दोन काचपट्ट्यांवर पसरला, स्पिरिटात ठेवला, एकामागून एक रंग दिले. रंगाचे थेंब सोडतो ती काचेची नळी तू तुझ्या कारखान्यात फुंकलेलीच आहे, बारा वर्षं झाली, अजून टोक उडालेलं नाही. रंग बसला का हे बघायला पट्टी भिंगाखाली धरली. एका जागी निळ्या शाईचा ठिपका दिला, जसा पंचवीस वर्षं देत आलो आहे, आणि ट्रे मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो.

मॅडम म्हणजे नव्या डॉक्टर. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तीन महिन्यांपूर्वी आल्या. पट्टी वाचून अहवालावर सही त्या करतात.

काल अहवाल गेला. त्यात वाईट पेशी दिसल्याचं लिहिलं आहे. हे तुला माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण बर्नरच्या आवाजानं तुझे कान गेलेत आणि तू नुसतं 'हो हो' म्हणतोस.

दादा, मला एक खटकतंय. बाटली भरलीस तेव्हा काही खाल्लं होतंस का? चूळ भरली होतीस का? वहिनी रागावतील म्हणून खोटं सांगू नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत ऑपरेशनच्या कागदावर सही करायची नाही.

शाळेतला तो दिवस आठवतो का? तू माझा डबा द्यायला आला होतास. गुरुजींनी आम्हाला कांद्याची साल दाखवून झाली होती, वीटकामासारख्या ओळी. आता प्राण्याची पेशी हवी होती आणि गालाची आतली बाजू खरवडून द्यायला वर्गात कोणी पुढे येईना. गुरुजींनी तुलाच धरलं. तू आ वासून उभा, पोरं हसतायत. मी आयुष्यात पाहिलेली पहिली प्राण्याची पेशी तुझ्या गालातली होती. गुरुजी म्हणाले होते, झाडाला पळता येत नाही म्हणून त्याच्या पेशीला जाड भिंत लागते. प्राण्याला पळता येतं, त्याला नुसतं पातळ पटल पुरतं. ही भिंत ओळखायला मी तिथे शिकलो. म्हणून विचारतोय.

लगेच लिही.

तुझा बारक्या

१३ फेब्रुवारी

बारक्या,

खाल्लं होतं. तुझ्या वहिनीनं मला उपाशीपोटी घराबाहेर पाठवलं तर सूर्य पश्चिमेला उगवेल. रात्रीचं उरलेलं खाल्लं आणि वर अर्धा कच्चा कांदा. चूळबीळ काही भरली नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली खोकून द्या, मी खोकून दिलं. कांद्याचा वास आला म्हणून चौकशी करतोयस की काय? तसं असेल तर पंचवीस वर्षांत तुझं नाक चांगलंच तयार झालंय.

सर्जननं ३ मार्च सांगितली आहे. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढायचा. डाग अशा जागी आहे की सुई पोचणार नाही, पण थुंकीत पेशी सापडल्या तेव्हा संशयाला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. तू सही करू नको म्हणालास म्हणून कागद घरी आणून ठेवलाय. तू हो म्हण, मग करतो. ह्यातलं मला काय कळतं? मला काचेतलं कळतं. काच तापली की कुठे फुगणार आणि कुठे तडकणार ते मी बघताक्षणी सांगेन. स्वतःच्या छातीतलं मात्र दुसऱ्यानं सांगायचं.

आता दुसरी गोष्ट. ही पानं मी कारखान्यात बसून लिहितोय, वहिनीला दाखवणार नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी, तू बारावी झालास त्या पावसाळ्यात, मी तुला सांगितलं की तुझा नंबर लागला नाही. नंबर लागला होता. पोस्टमननं पत्र माझ्या हातात दिलं. कॉलेजात जागा आणि वसतिगृहात खोली, दोन्ही. आठ दिवसांत हजर राहा, असं लिहिलेलं. त्याच आठवड्यात मला काचेच्या कारखान्यात घेतलं होतं. आईचं डावं अंग गेलेलं. दोघांपैकी एकानं घरी राहायला हवं होतं, आणि तो मी नको होतो.

ते पत्र मी खिशात घालून कारखान्यात नेलं. उस्तादांनी मला बर्नर पेटवून दिला आणि ज्योतीला हात सरावू दे म्हणाले. त्या ज्योतीत मी पहिल्यांदा जे धरलं ती काच नव्हती.

तू सहा वर्षं आईला उचललंस, बसवलंस, पुसलंस. मी महिन्यातून एकदा यायचो, अंगणात खुर्ची टाकून बसायचो आणि तुझ्या हातचा चहा पिऊन जायचो. आई गेली तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास आणि कॉलेजचं नाव काढायची सोय उरली नव्हती. मग पट्ट्या रंगवायची नोकरी मिळाली. तू खूश दिसलास, त्यामुळे मला सोपं गेलं.

माफ कर म्हणत नाही. मनात घेऊन जायचं नव्हतं, एवढंच. उत्तरात काही लिहिलं नाहीस तरी चालेल. वाचलं असं लिही.

दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादांस,

आपलं पत्र मिळालं. वाचलं.

काचपट्टी पुन्हा पाहिली. आपल्याला कळवावं असं तिच्यात काही नाही. अहवालावर मॅडमची सही आहे. त्या शिकलेल्या आहेत, मी नाही. सर्जन सांगतील तसं करावं.

३ तारखेला मला रजा मिळणार नाही. वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा भाऊ

३० मार्च

बारक्या,

अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. बसून लिहिलं की धाप लागते, म्हणून हे पत्र तीन दिवसांत पुरं झालंय.

बातमी चांगली आहे. काढलेला भाग मोठ्या इस्पितळात तपासला. त्यात वाईट असं काहीच निघालं नाही. लहानपणी कधीतरी छातीला काही झालं असेल आणि आपोआप बरं झालं असेल, त्याचा जुना व्रण, असं सर्जन म्हणाले. मी विचारलं, मग थुंकीतल्या त्या पेशी कुठे गेल्या? ते म्हणाले, असं कधी कधी होतं, तुम्ही नशीबवान आहात. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला ठाऊक आहे ते कुठे गेलं. तू रोज सकाळी त्या तक्त्यासमोर हात जोडतोस. माझ्यासाठी जोडले असशीलच. तुझी हाक वाया जाणार नाही, आईसुद्धा म्हणायची, हा बारका बोलत नाही पण त्याचं वर ऐकतात.

तुझं मधलं पत्र मिळालं होतं. तू मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलंस. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, मी एवढं कबूल केलं म्हणून मान दिला असशील. बरोबर ना?

गेल्या आठवड्यात कारखान्यात जाऊन आलो. मालकांनी पॅकिंगच्या टेबलाशी स्टूल दिलंय. भुशात चंबू गुंडाळायचे आणि खोक्यात ठेवायचे. दुपारी कोणी नव्हतं तेव्हा बर्नरशी बसलो आणि गोल बुडाचा एक लहान चंबू फुंकून पाहिला. ज्या नळीत मी एका दमात चार चंबू फुंकायचो तिच्यात अर्धासुद्धा फुगेना. काच एका अंगाला बसली. सुकलेल्या लिंबासारखं काहीतरी झालं. ते मी भंगारात टाकलं नाही, घरी आणलंय. तुझ्या वहिनीनं त्यात काड्यापेटी ठेवली आहे.

जिवंत आहे, हे काय कमी आहे? तुझ्या हातून पट्टी गेली म्हणून सगळं वेळेत झालं. ये एकदा.

दादा

४ एप्रिल

भाऊजी,

ह्यांना न सांगता लिहितेय.

तुमची दोन्ही पत्रं ह्यांच्या उशीखाली असतात. काल चादर बदलताना मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्या पत्रात तुम्ही विचारता, खाल्लं होतं का, चूळ भरली होती का, आणि सही करू नकोस म्हणता. दुसऱ्या पत्रात म्हणता, सर्जन सांगतील तसं करावं. ह्यांनी सही केली ती दुसरं पत्र आल्यावर. तोवर कागद माझ्या डब्यांमागे ठेवलेला होता, कारण बारक्या बघून सांगतो म्हणालाय, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

मधल्या दोन आठवड्यांत काय झालं? ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. विचारलं की खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवतात, आणि आता तो खोकला खरा असतो, मग मलाच पाणी द्यावं लागतं.

मी सातवी शिकलेय. पेशीबिशी मला कळत नाही. पण कांदा मीच चिरून दिला होता. त्याचा ह्यात काय संबंध, तेवढं मला सांगा. देव वगैरे मध्ये आणू नका. तो मला ह्यांनी सांगून झालाय.

वहिनी

१९ एप्रिल

दादा,

हे पत्र वहिनींसमोर वाच. तुला धाप लागली तर त्यांना वाचायला दे. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर तुम्हा दोघांनाही द्यायचं आहे.

तुझ्या थुंकीत वाईट पेशी कधीच नव्हत्या. त्या कांद्याच्या होत्या. दातात अडकलेला कण खोकताना बाटलीत आला. मी त्या मंगळवारी भिंगातून पाहिलं आणि ओळखलं. दुहेरी रेघेची जाड भिंत, मध्ये मोठी मोकळी रिक्तिका, केंद्रक एका कोपऱ्यात ढकललेलं. आपल्या गुरुजींच्या वर्गातली, तीच. मनात हसलो. एवढ्या लांबून दादानं मला कांदा पाठवला म्हटलं.

आता ठिपक्याचं. मोठ्या डॉक्टरांची आणि माझी एक रीत होती. पट्टीवर बघण्यासारखं काही असलं की मी लाल ठिपका द्यायचो. निळा ठिपका म्हणजे कचरा, धूळ, अन्नाचा कण, इथे वेळ घालवू नका. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. आम्हा दोघांत होती. मॅडम आल्या तेव्हा त्यांना ती सांगायला हवी होती. पण पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "काका, तुम्ही रंग द्या. वाचायचं काम माझं." मला ते लागलं. मी ठरवलं, विचारतील तेव्हा सांगू. त्यांनी विचारलं नाही आणि मी ठिपके देत राहिलो. त्या जिथे शिकल्या तिथे ठिपका एकाच कामासाठी देतात, इथे नीट बघा म्हणून. चिठ्ठीवर छातीतला डाग लिहिलेला, कण फाटलेला, केंद्रक रंगानं काळं पडलेलं, आणि वर पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा ठिपका. त्यांनी नीट बघितलं आणि चुकल्या. तिथवर मीच त्यांना बोट धरून नेलं होतं.

अहवाल वाचला तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. लगेच जाऊन बोललो असतो तर एका मिनिटाचं काम होतं. मी तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो. हातात कांद्याचा पुरावा असला की मॅडमसमोर ताठ उभं राहता येईल, असं वाटलं. तोवर मला माझ्या मानाचीच पडली होती.

तुझं उत्तर १६ तारखेला आलं. पहिलं पान वाचलं, कांदा वाचला, तसाच उठलो. पत्र हातात घेऊन मॅडमच्या दारात गेलो. त्या फोनवर होत्या. हातानं 'थांबा' म्हणाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि थांबायचंच आहे तर म्हणून तुझं पुढचं पान उघडलं.

फोन संपल्यावर त्यांनी आतून हाक मारली, "काका, काय काम होतं?" मी म्हणालो, काही नाही. आणि माझ्या टेबलाशी परत गेलो.

दादा, मी तुला मारायचं ठरवलं नव्हतं. मी काहीच ठरवलं नाही. नुसता बसलो. मनात एकच यायचं, आता ह्याला कापू दे थोडं. पंचवीस वर्षं मी देवाचे आभार मानत होतो की नंबर लागला नाही तरी निदान भिंगाजवळची नोकरी दिली. तुझ्या ज्योतीत धरलेल्या कागदाबद्दल मी देवाचे आभार मानत होतो. ते आठवलं की अंगाची लाही व्हायची. मग ते गंभीर पत्र तुला लिहिलं आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं. ३ मार्चच्या आधी दहा दिवस होते. रोज सकाळी दार उघडताना वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी दार लावताना वाटायचं, त्यानं बत्तीस वर्षं लावली, मला दहा दिवस लावू दे.

त्या दिवसांत मी तक्त्यासमोर हात जोडलेले नाहीत. तुझ्यासाठीही नाहीत. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला वाचवत नाही.

गुरुजी झाडाबद्दल म्हणाले होते ते मी स्वतःला लावून घेतलं होतं. मी घरी राहिलो म्हणून मला भिंत आली, तू पळालास म्हणून तुला आली नाही. बरीच वर्षं ह्या विचारावर मी चांगला माणूस म्हणून काढली. आता त्याचं काही करता येत नाही. झाडं कोणाची फुप्फुसं कापू देत नाहीत.

सोमवारी सकाळी तुझी पट्टी कपाटातून काढली. भिंगाखाली लावली, ठिपका मध्यावर आणला आणि मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं. बारीक स्क्रू पुढे-मागे केला. भिंग बदलून पुन्हा पाहिलं.

मग म्हणाल्या, "ही वनस्पतीची आहे. तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा तुमच्यावर रुसलो होतो. दुसऱ्यांदा भावावर."

त्या खुर्चीवर बसल्या. तीस वर्षांची मुलगी आहे. टेबलाची कडा धरून बसली होती. म्हणाली, हे तोंडी राहिलं तर आपण दोघंही वाचतो, काका. धमकी नव्हती, लबाडीही नव्हती. घाबरली होती. मी तिला म्हणालो, आपण वाचायचं की नाही हे ज्याचं फुप्फुस कापलं त्याला ठरवू द्या.

तिथेच बसून मी माझ्या हातानं दोन पानी जबाब लिहिला. लाल-निळ्या ठिपक्यांची रीत, ती न सांगितल्याची माझी चूक, मॅडमचा अहवाल, आणि १६ फेब्रुवारीला सगळं ठाऊक झाल्यावर मी ३ मार्चपर्यंत गप्प राहिलो हे, तारखांसकट. का गप्प राहिलो, तिथे 'रागाने' एवढंच लिहिलं. कशाचा राग ते तुझं आहे, वहिनींना तूच सांग. मॅडमनी जबाब वाचला आणि खाली एक ओळ लिहून सही केली. त्या करणार नाहीत असं मला वाटलं होतं. तिथेही मी चुकलो.

एक प्रत आमच्या इस्पितळाच्या प्रमुखांना दिली, त्यांच्या कार्यालयाची पोच घेतली. एक तुझ्या सर्जनना रजिस्टरनं पाठवली. तिसरी ह्या पाकिटात आहे. तिच्या जोरावर तुला तक्रार करता येईल, कोर्टात जाता येईल, वहिनी म्हणतील ते करता येईल. मी हजर राहीन आणि हेच बोलेन. काचपट्टी सीलबंद करून प्रमुखांकडे दिली आहे. प्रयोगशाळेच्या चाव्याही दिल्या. तुझी ती काचेची नळी मी तिथेच ठेवली.

तुला माफ केलेलं नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. तूही मला करू नकोस, निदान आजारपणात करू नकोस, तेव्हाची माफी खरी नसते.

एवढंच मागतो. जबाबाची प्रत कारखान्यात नेऊ नकोस. बर्नरपासून लांब, वहिनींच्या डब्यांमागे ठेव. मी ती पुन्हा लिहिणार नाही. जे लिहायचं होतं ते लिहिलं आणि नाव घालून सही केली.

बारक्या